पहाटेची नीरा, दुपारची ताडी

नीरेचं वय तासांत मोजतात. पहाटे झाडावरून गाडगं उतरवलं, तेव्हा रस पाण्यासारखा पातळ, गोड आणि किंचित खारट असतो. ऊन चढू लागलं की त्यावर बारीक फेस धरतो, दुपारपर्यंत त्याची ताडी होते, दुसऱ्या दिवशी ती आंबट लागते आणि आठवडाभर तशीच ठेवली तर शिरका हाती येतो. या सगळ्या प्रवासात माणसाने त्यात काहीही घातलेलं नसतं. दादरसारख्या स्थानकावर घाईघाईने पेला रिकामा करून पुढची गाडी पकडणाऱ्याला याची कल्पना असतेच असं नाही. त्याच्या हातातला रस आदल्या रात्री एका झाडाच्या शेंड्यावर थेंबाथेंबाने गाडग्यात पडत होता.

मुंबईच्या ताडामाडांचा इतिहास बहुधा जातीचा किंवा दारूबंदीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. मला तो या तासांचा इतिहास वाटतो. झाडाखाली कोण राहायचं, सरकारने कर कुठे बसवला, पाव कशाने फुगायचा, कायद्याने एकाच रसाला दोन नावं का दिली, या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: हा रस थांबत नाही.

थांबणारा रसही जगात आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात आणि त्याला लागून असलेल्या अमेरिकेच्या ईशान्य भागात फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत मेपलच्या झाडांना भोकं पाडतात. साधारण बोटभर खोल भोक, त्यात एक तोटी, तोटीखाली पूर्वी बादली आणि आता प्लास्टिकची नळी. ही विद्या तिथल्या आदिवासी जमातींची. युरोपियन वसाहतकरी ती त्यांच्याकडून शिकले. आज जगातलं सुमारे सत्तर टक्के मेपल सिरप एकट्या क्वेबेकमधून येतं. मेपलचा रस वाहण्यासाठी रात्री पाणी गोठावं लागतं आणि दिवसा वितळावं लागतं. रात्रीच्या गोठणीत झाड मुळांकडून पाणी ओढून घेतं, दिवसाच्या उबेने आत दाब तयार होतो आणि भोकातून रस बाहेर पडतो. आदल्या उन्हाळ्यात खोडात साठवलेल्या पिठाची झाडाने हिवाळ्यात साखर केलेली असते; तीच त्या रसात विरघळून येते. पण ती जेमतेम दोन टक्के. म्हणून एक लिटर सिरपसाठी सुमारे चाळीस लिटर रस आटवावा लागतो. मेपलवाल्याच्या बाजूने मात्र हवामान उभं असतं. बाहेर बर्फ असतं, बादलीतला रस थंड राहतो आणि घाई फारशी नसते.

ताड, माड आणि शिंदी यांचं गणित याच्या उलट आहे. मेपलचा रस लाकडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांमधून येतो. ताडामाडाचा रस येतो पानांत तयार झालेली साखर वाहून नेणाऱ्या नळ्यांमधून. पान सूर्यप्रकाशात साखर करतं, ती साखर शेजारच्या नळ्यांतून पाणी ओढून घेते, त्याने दाब वाढतो आणि हा गोड प्रवाह जिथे झाडाला गरज आहे तिकडे, म्हणजे फुलाफळांकडे, ढकलला जातो. ताडी काढणारा माणूस फुलोरा उमलण्याआधीच त्याचं टोक कापतो आणि फळासाठी निघालेली साखर वाटेत अडवतो. त्यामुळे नीरेत दहा ते पंधरा टक्के साखर असते, मेपलच्या रसाच्या पाच ते सात पट. एक किलो गूळ करायला सात-आठ लिटर नीरा पुरते.

आणखी एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. मेपलसारखी झाडं दरवर्षी खोडात नवं लाकूड आणि नव्या नळ्या तयार करतात. जुन्या नळ्या निकामी होतात. ताडामाडाच्या खोडाला अशी नवी वाढ नसते. त्याचं खोड एकदा जेवढं जाड झालं तेवढंच राहतं आणि त्यातल्या साखर वाहणाऱ्या नळ्या झाड जगेल तोवर जिवंत राहतात, कधीकधी शंभर वर्षांपर्यंत. सजीवांमध्ये इतका काळ काम करत राहणाऱ्या पेशी फार थोड्या ठिकाणी आढळतात. या झाडाला वाढीचा कोंबही एकच असतो, अगदी शेंड्यावर. तो दुखावला की झाड संपलं. म्हणजे हे काम करणाऱ्याला अशा ठिकाणी धारदार कोयता चालवायचा असतो, जिथून हातभर अंतरावर झाडाचा जीव आहे.

कापण्याआधी फुलोरा तयार करावा लागतो. माडाची पोय फुटण्याच्या बेतात आली की ती दोरीने किंवा पात्यांनी घट्ट गुंडाळतात, म्हणजे ती उघडत नाही. मग कित्येक दिवस रोज लाकडी ठोकण्याने किंवा हाडाने तिला हलके हलके ठोकतात आणि हळूहळू खाली वाकवतात. ठोकण्यात चूक झाली की पोय आतून फुटते आणि वाया जाते. ठोकणं कमी पडलं तर रस येत नाही. जोर किती, किती वेळा, पोयीच्या कोणत्या बाजूला, हे कागदावर लिहून देता येत नाही. एका हाताने दुसऱ्या हाताला शिकवलेली ही गोष्ट आहे. मग टोक कापलं की थेंब सुरू होतात. झाडाला जखम झाली की ते नळ्यांची तोंडं बंद करतं, म्हणून सकाळ-संध्याकाळ टोकाचा पातळ काप पुन्हा काढावा लागतो. काप जाड काढला तर पोय लवकर संपते, पातळ काढला तर एकच पोय महिना-दीड महिना चालते. निरोगी माड दिवसाला एक ते दोन लिटर रस देतो, चांगला ताड त्याहून बराच जास्त.

ताडामध्ये नर आणि मादी झाडं वेगळी असतात. ताडगोळे मादी झाडाला लागतात. रस दोन्हींतून काढता येतो, पण नर झाडाचे लांब बोटांसारखे तुरे एकत्र बांधून छेदायला सोयीचे असतात. शिंदीची रीत निराळी. तिथे फुलोरा सोडून देतात आणि शेंड्याखालचं खोड तासून त्याला खाच पाडतात. शिंदी हिवाळ्यात छेदतात आणि मध्ये तिला विश्रांतीचे दिवस देतात. न दिले तर झाड खंगतं. बंगालमधला प्रसिद्ध खजूरगूळ या शिंदीच्याच हिवाळी रसाचा. त्याच बंगालच्या पूर्वेला, बांगलादेशात, उघड्या गाडग्यांवर रात्री वटवाघळं येऊन रस चाटतात आणि त्यातून निपाह विषाणू माणसांपर्यंत पोचतो, हे २००१ नंतरच्या साथींमध्ये दिसून आलं. म्हणून गाडग्याच्या तोंडाभोवती बांबूच्या पट्ट्यांचं झाकण बांधायची पद्धत तिथे आग्रहाने सांगितली जाते. कच्ची नीरा पिणाऱ्या कोणत्याही प्रदेशाने लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट आहे.

आता चढण्याचा हिशेब करू. साठ फुटांची दहा झाडं, दिवसातून दोनदा: बाराशे फूट चढ आणि तेवढीच उतरण. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर २८० फूट उंच आहे. म्हणजे तो रोज चारहून अधिक वेळा चढून उतरायचा, कमरेला कोयता आणि गाडगं बांधून, पायांत दोरीचा फास घालून. माडाच्या खोडाला पायऱ्यांसारख्या खाचा पाडलेल्या असतात. पावसात खोड निसरडं होतं तेव्हा ही चढण जिवावर बेतू शकते. असं कष्टाचं, कौशल्याचं आणि धोक्याचं काम फार थोडं असेल, आणि ज्यांनी ते केलं त्यांच्याकडे समाजाने बहुतेक वेळा दारूवाले म्हणून पाहिलं. हा अन्याय आहे, असं मला वाटतं.

रस गाडग्यात पडतो त्या क्षणापासून दुसरीच शर्यत सुरू होते. हवेत, गाडग्याच्या सच्छिद्र मातीत, कापलेल्या टोकावर यीस्ट आणि जिवाणू आधीपासूनच असतात. पंधरा टक्के साखरेचं कोमट पाणी त्यांना मेजवानीच. आधी लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू कामाला लागतात, मग यीस्ट आणि झायमोमोनास नावाचा जिवाणू साखरेचं अल्कोहोल करतात, शेवटी ॲसेटिक आम्ल करणारे जिवाणू अल्कोहोलचा शिरका करतात. ताडीत साधारण चार-पाच टक्के अल्कोहोल असतं, बियरइतकं. हे थांबवायचा जुना उपाय गाडग्याला आतून चुना फासणं हा आहे. चुन्याने रसाचा आम्लपणा वाढू शकत नाही आणि जिवाणूंची वाढ मंदावते. म्हणजे पहाटेच्या गाडग्यात नीरा असेल की ताडी, हे आदल्या संध्याकाळी चुना लावला की नाही यावर ठरतं. चुनाही बेताचाच लावायचा असतो. जास्त झाला तर रस तोंडाला कडू लागतो.

आंबणं हा दोषच मानला पाहिजे असं मात्र नाही. बाजारात तयार यीस्ट मिळत नव्हतं त्या काळात ताडी हेच आंबवण होतं. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळापासून पाव सुरेने, म्हणजे माडाच्या ताडीने, फुगवले जात. तांदळाच्या वाफवलेल्या सान्नांनाही तीच लागते. गिरगावात खोताच्या वाडीत राहणाऱ्या ईस्ट इंडियन कुटुंबांचे आणि वसईतल्या ख्रिस्ती घरांतले फुगे घ्या: मैद्याचं हे गोल, पोकळ तळण पारंपरिक पद्धतीत ताडीनेच आंबवतात. याच रसापासून शिरका करतात आणि त्या शिरक्याशिवाय गोव्याची कित्येक कालवणं अपुरी वाटतात. गोव्यातले रेंदेर म्हणजे माड छेदणारे लोक माडाचा गूळही करतात, काळा आणि खमंग; तो रस आंबण्याआधी आटवावा लागतो. एकाच रसाच्या वयाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर वेगवेगळी स्वयंपाकघरं उभी आहेत.

मुंबईबद्दल लिहिणाऱ्या पहिल्या युरोपियनांच्या लक्षात माड आल्यावाचून राहिला नाही. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात माडावर एक मोठं प्रकरण आहे. लोक माड दोन प्रकारे राखतात, काही फळांसाठी आणि काही रसासाठी, अशी नोंद तो करतो. या रसाला तो सुरा म्हणतो आणि तो गाळून अर्क करतात हेही सांगतो. म्हणजे साडेचारशे वर्षांपूर्वीच बागेच्या मालकाला प्रत्येक झाडाबाबत निर्णय घ्यावा लागत होता: याचे नारळ घ्यायचे की याचा रस. दोन्ही एकाच वेळी पुरेपूर मिळत नाहीत.

१६७० च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर मुंबईत आला, तेव्हा त्याने शहराच्या पलीकडे मैलोन् मैल पसरलेली माडांची राई पाहिली. त्या झाडांखाली भंडारी राहतात आणि तेच त्यांची निगा राखतात, असं त्याने लिहून ठेवलं आहे. या बागा म्हणजे बेटावरची सर्वांत मोलाची मालमत्ता, असंही तो म्हणतो. माहीमपासून परळपर्यंत, तिथून माझगाव आणि गिरगावपर्यंत आज जिथे इमारतींना श्वास घ्यायला जागा नाही, तिथली जमीन त्या काळी माड आणि भात यांत वाटलेली होती. भंडारी झाडाखालीच राहत यात आश्चर्य काही नाही. ज्याला पहाटे आणि संध्याकाळी दोन्ही वेळा त्याच झाडावर चढायचं आहे आणि उतरवलेला रस ऊन चढण्याआधी विकायचा आहे, तो लांब राहून कसा चालेल? माझगावच्या टेकडीवरचा भंडारवाडा आणि माझगावातलीच ताडवाडी ही नावं अजून टिकून आहेत.

या बागांना सुकी मासळी खत म्हणून घालत. कोळ्यांची मासळी आणि भंडाऱ्यांचे माड असा हा जोडधंदा होता आणि माडाला तो मानवत असे. इंग्रजांना मात्र त्या वासाचा धसका होता. मुंबईत माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं असं त्या काळी म्हटलं जाई आणि त्याचं खापर बरेच इंग्रज लेखक कुजलेल्या मासळीवर फोडत. डासांचा आणि हिवतापाचा संबंध तेव्हा कोणाला ठाऊकच नव्हता. कंपनीने या खतावर बंदीही घालून पाहिली.

भंडाऱ्यांकडे कोयता होता आणि चढाईने घडलेलं शरीर होतं, त्यामुळे त्यांच्याकडे सैनिक म्हणूनही पाहिलं गेलं. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याने १६७० च्या दशकात मुंबईच्या रक्षणासाठी उभारलेल्या दलात भंडारी होते. त्याच दशकाच्या शेवटी, १६७९ मध्ये, शिवाजी महाराजांच्या आरमाराचा अधिकारी मायनाक भंडारी याने मुंबईच्या तोंडावरच्या खांदेरी बेटावर तटबंदी उभारली आणि इंग्रजांना तिथून हटवता आलं नाही. समुद्राच्या दोन्ही काठांवर एकाच समाजाची माणसं उभी होती.

रसातून पैसा मिळतो हे कंपनीने लवकरच ओळखलं आणि अर्क गाळण्याचा मक्ता देऊन उत्पन्न सुरू केलं. पण खरा बदल झाला तो मुंबई इलाख्याच्या १८७८ च्या आबकारी कायद्याने. या कायद्यामागे चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याची धोरणं होती. छेदायच्या प्रत्येक झाडावर कर बसला. परवाना घ्यावा लागे, झाडावर खूण आणि आकडा घातला जाई, आणि झाडाच्या बुंध्याशी विकायलाही वेगळा परवाना लागे. या व्यवस्थेत ताडीवरचा कर वाढत गेला आणि मोठ्या भट्ट्यांमध्ये मोहाच्या फुलांपासून गाळलेल्या दारूला वाट मोकळी होत गेली. पुढे १८९२ च्या मोह कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत लोकांनी मोहाची फुलं गोळा करण्यावरही बंधनं आली. ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासींसाठी आणि किनाऱ्यावरच्या भंडाऱ्यांसाठी ताडी हे अन्नासारखं पेय होतं, सौम्य आणि ताजं. कायद्याने त्या सौम्य पेयाला महाग केलं आणि कडक दारूला सोयीचं केलं. याचं कारणही त्या तासांतच आहे. मोठ्या भट्टीतली दारू पिंपात महिनोन् महिने टिकते, मोजता येते आणि तिच्यावर कर बसवणं सोपं असतं. हजारो झाडांवरून रोज उतरणारा आणि संध्याकाळपर्यंत संपणारा रस कोणत्या कोठारात मोजणार? म्हणून सरकारने झाडच मोजायला घेतलं.

याच काळात शहराने माडांची जमीन गिळायला सुरुवात केली होती. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईच्या पहिल्या कापड गिरणीची पायाभरणी ताडदेवला केली आणि पुढच्या अर्धशतकात परळ, लालबाग, भायखळा हा भाग गिरण्या आणि चाळी यांनी भरला. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली आणि पुढच्या काळात दादर-माटुंग्याच्या बागांतून रस्ते आखले गेले. गिरगावच्या वाड्यांमध्ये विहिरीशेजारी दोन-चार माड उरले, बाकीची झाडं इमारतींखाली गेली. परळ-लालबागच्या गिरणगावात ताडी आता झाडाखाली मिळेनाशी झाली. ती वसई, पालघरकडून दुकानात येऊ लागली, आणि येईपर्यंत तिचं वय वाढलेलं असे. भंडारी समाजातली मुलं शिक्षण, छपाई, नोकऱ्या आणि राजकारण यांकडे वळली. दादरच्या ज्या रस्त्याला एस. के. बोले यांचं नाव आहे, ते रावबहादूर बोले याच समाजातले. सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले करण्याचा ठराव त्यांनी १९२३ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात मंजूर करून घेतला. या ठरावाला पुढे महाडच्या सत्याग्रहाच्या निमित्ताने मोठं महत्त्व आलं.

मग दारूबंदी आली. १ ऑगस्ट १९३९ रोजी काँग्रेस मंत्रिमंडळाने, आबकारी खात्याचे मंत्री डॉ. गिल्डर यांच्या पुढाकाराने, मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. युद्ध, मंत्रिमंडळाचा राजीनामा आणि न्यायालयाचे निकाल यांमुळे ती तेव्हा ढासळली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० पासून राज्यभर बंदी झाली. याच कायद्याने नीरेला स्वतःची व्याख्या दिली: ताड, माड, शिंदी अशा झाडांचा न आंबलेला रस. ताडी गुन्हा ठरली, नीरा परवान्याने वैध राहिली. पण दोन्ही एकाच गाडग्यात असतात आणि मधली सीमा घड्याळाने ठरते. त्यामुळे नीरा विकणाऱ्यावर कायम संशयाची नजर राहिली. परवाने, वेळा, वाहतुकीची बंधनं, तपासण्या यांचं जाळं नीरेभोवती विणलं गेलं. साठच्या दशकात राज्याने बंदी सैल केली, ताडीची दुकानं पुन्हा उघडली, पण हा संशय गेला नाही.

दारूबंदीच्या समर्थकांनाही ताडी काढणाऱ्यांच्या पोटाचं काय, हा प्रश्न पडला होता, आणि त्याचं सर्वांत प्रामाणिक उत्तर वर्ध्याहून आलं. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली मगनवाडीत जे प्रयोग केले, त्यांत ताडगूळ होता. पुढे सेवाग्राम झालेल्या शेगावच्या परिसरात शिंदीची झाडं उदंड होती; गजानन नाईक यांनी तिथे ताडगुळाचं काम हाती घेतलं. गांधीजींनी 'हरिजन'मधून नीरा आणि ताडगूळ यांची बाजू मांडली. विचार सरळ होता. झाड पडीक जमिनीवर वाढतं, पाणी मागत नाही, उसाला लागते तशी बागायती जमीन त्याला लागत नाही, आणि चढणारा माणूस तोच राहतो. फक्त रस आंबण्याआधी कढईत गेला पाहिजे. माझ्या मते या संपूर्ण इतिहासात ताडी काढणाऱ्याच्या कौशल्याला कौशल्य म्हणून मान देणारा हा पहिला सार्वजनिक प्रयत्न होता. तो मोठा झाला नाही याचं एक कारण सरपण. सात-आठ लिटर रस आटवून एक किलो गूळ करायला बरीच लाकडं जळतात, आणि कारखान्याची साखर स्वस्त झाली की तो हिशेब बसत नाही.

आज मुंबईला लागणारा रस मुख्यतः पालघर जिल्ह्याच्या किनारपट्टीवरून येतो. डहाणू, तलासरीकडच्या वारली चित्रांमध्ये ताडावर चढणारा माणूस आणि झाडाला लटकलेली गाडगी वारंवार दिसतात. तिथे ताडी लग्नकार्यातही लागते. जून २०२० मध्ये खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने डहाणूत नीरा आणि ताडगुळाचा प्रकल्प सुरू केला आणि २०० स्थानिक कारागिरांना दोर, कोयते, स्टीलच्या कढया अशी साधनं दिली. हेतू चांगला आहे. पण साधनांपेक्षा मोठी अडचण वेळेची आहे, आणि ती सोडवण्याचा एक मार्ग केरळात सापडला आहे. कासारगोडच्या केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेने माडाच्या पोयीला थेट जोडता येणारी बर्फाची पेटी तयार केली. रस थेंबागणिक गोठणबिंदूच्या जवळच्या थंडीत पडतो, चुन्याची गरज राहत नाही आणि आंबणं सुरूच होत नाही. त्या रसाला त्यांनी कल्परस हे नाव दिलं आहे. मेपलवाल्याला जे काम हवामान फुकट करून देतं, ते इथे एका पेटीने करावं लागतं.

नीरा पिणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. नीरेला औषध म्हणून विकलं जातं, पण शंभर मिलिलिटर नीरेत दहा-पंधरा ग्रॅम साखर असते, म्हणजे बाटलीतल्या थंड पेयाइतकी किंवा जास्तच. तिच्यात पोटॅशियम आणि काही जीवनसत्त्वं असतात, हे खरं. मधुमेह असलेल्याने तिला निरुपद्रवी समजू नये, हेही तितकंच खरं. दुसरी गोष्ट ताडीची. शहराच्या दुकानात ताज्या ताडीच्या नावाखाली क्लोरल हायड्रेटसारखी गुंगी आणणारी रसायनं घातलेलं पाणी विकलं गेल्याची प्रकरणं राज्यात अनेकदा उघड झाली आहेत. रस कमी आणि मागणी जास्त असली की ही फसवणूक होते. तिचे बळी बहुतेक वेळा कष्टकरीच असतात.

डहाणू रोड ते चर्चगेट हे अंतर साधारण १२४ किलोमीटर आहे आणि २०१३ पासून या मार्गावर लोकल धावते. पहाटे चार वाजता थंड पेटीतून उतरवलेला रस सकाळच्या गर्दीआधी दादरला पोचवणं, हे आता तंत्राच्या दृष्टीने अशक्य राहिलेलं नाही. लागेल ती पेट्यांची, बर्फाची आणि गाडीतल्या जागेची सोय. शिवाय रसातलं अल्कोहोल झाडाखालीच तपासून तिथेच मोहोर लावणारी, वाटेत पुन्हा पुन्हा न अडवणारी परवाना पद्धत हवी. चढणाऱ्याला विमा आणि पडल्यास उपचाराची हमी हवी, कारण दोराने बांधलेला फास सोडला तर आजही तो कुठल्याच आधाराविना साठ फुटांवर काम करतो. त्याला लिटरमागे मिळणारा पैसा मादी झाडाच्या ताडगोळ्यांतून मिळणाऱ्या पैशाहून चांगला ठरला, तरच त्याचा मुलगा पोय ठोकायला शिकेल. ताडगोळ्याला परवाना लागत नाही आणि तो दोन दिवस टिकतो.